सही, प्रत आणि तारीख : रोजच्या व्यवहारातले करार व आपले हक्क

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासद व कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पंचवीस वर्षं एक गृहनिर्माण संस्था गुण्यागोविंदाने चालवणं ही सोपी गोष्ट नाही. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. म्हणजे जिल्हा आणि तुमची संस्था जवळपास एका वयाचे. जिथे बाभळी आणि धुरे होते तिथे आज तुमची घरं आहेत, त्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन.

सचिव साहेबांनी मला सांगितलं, "वकील साहेब, कायद्यावर बोला, पण कलमं मोजू नका, घरातल्या बाईमाणसाला आणि कॉलेजच्या पोराला कळेल असं बोला." तेव्हा कलमं शक्यतो टाळतो. कोर्टात दिवाणी कामं चालवताना रोज जे दिसतं ते सांगतो.

करार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टॅम्प पेपर, वकील आणि साक्षीदार येतात. खरं पाहिलं तर सकाळी दुधाचा रतीब घातला, तो करार. रिक्षावाल्याला नांदेड नाक्यापर्यंतचं भाडं विचारून बसलात, तो करार. मोंढ्यात आडत्याकडे हळद घातली, मोबाईलचं सिम घेतलं, लेकराची ट्यूशन लावली, मंगल कार्यालय बुक केलं, हे सगळे करारच. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. तो म्हणतो, दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने, कायदेशीर कामासाठी, काहीतरी मोबदला ठरवून एकमेकांना शब्द दिला की करार झाला. तो कागदावर असलाच पाहिजे असं प्रत्येक वेळी कायदा म्हणत नाही. तोंडी करारही बहुतेक व्यवहारांत चालतो.

मग कागद कशाला? कारण तोंडी शब्द द्यायला एक मिनिट लागतं आणि कोर्टात तो सिद्ध करायला दहा वर्षं लागतात. आणि जमीन, घर, एक वर्षाहून मोठं भाडं अशा काही गोष्टींत तर नोंदणीकृत कागदाशिवाय कायदा ऐकूनच घेत नाही.

आपल्याकडे एक समज फार घट्ट आहे. परक्याशी व्यवहार असेल तर कागद करायचा आणि घरच्या माणसाशी असेल तर कागद मागणं वाईट दिसतं. माझा अनुभव उलटा आहे. परक्याशी झालेले व्यवहार निम्मे तरी कागदावर असतात. कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळतात ते भावाभावांचे, मामा-भाच्यांचे, जिवलग मित्रांचे व्यवहार, कारण तिथे "आपल्याच माणसाला काय लिहून मागायचं" म्हणून काहीच लिहिलेलं नसतं. दोघंही खरं बोलत असतात बघा. फक्त पंधरा वर्षांनी दोघांना वेगवेगळं आठवतं. म्हणून मी नेहमी सांगतो, कागद म्हणजे अविश्वास नाही. दोघांची आठवण एकसारखी राहावी म्हणून केलेली ती सोय आहे.

आता कागदाची दुसरी बाजू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चा नेला. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत तसंच लोण पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की बहुतेक ठिकाणी लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी सावकारांकडून कर्जखतं मागून घेतली आणि जाळली. का? कारण त्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला कधी कळलंच नव्हतं. फेडलेल्या पैशाची पावती नव्हती, हिशेब एकाच्याच वहीत होता.

या उठावानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात शेतकऱ्याच्या कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर करावा, पैसे दिले की पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, अशा तरतुदी होत्या. आज आपण सहज म्हणतो "पावती द्या". त्या दोन शब्दांमागे एवढा इतिहास आहे. आपलं हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा इथे नव्हताच. १८७२ चा करार कायदासुद्धा आपल्याला लागू झाला तो निजामी राजवट संपल्यावर, १९५१ मध्ये. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे अंगठे दिले ते या संरक्षणाशिवाय दिले. आपल्याला हे संरक्षण आहे. ते वापरायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

त्यासाठी तीनच गोष्टी सांगतो. सहीआधी वाचणं. सहीनंतर प्रत घेणं. आणि मुदतीची तारीख लिहून ठेवणं. पुढचं सगळं या तीन गोष्टींचाच विस्तार समजा.

पहिला विषय प्लॉट आणि घर. आपल्याकडे व्यवहार कसा होतो? चहाच्या टपरीवर सौदा ठरतो, ईसार दिला जातो, बॉण्डवर ईसारपावती लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात आणि घेणारा गावभर पेढे वाटतो, "प्लॉट घेतला". थांबा. प्लॉट अजून घेतलेला नाही. ईसारपावती म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालकी येते ती दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या खरेदीखताने. बॉण्ड म्हणजे सरकारचं मुद्रांक शुल्क भरल्याचा कागद. तो शंभराचा असो की ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या दराप्रमाणे पाचशेचा असो, त्याने कोणी मालक होत नाही. नोटरी सांगतो की ही सही या माणसाने माझ्यासमोर केली. तो प्लॉट त्या माणसाचा आहे की नाही, याची हमी नोटरी देत नाही.

मुखत्यारपत्रावर, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नीवर प्लॉट "विकत" घेणारेही खूप आहेत. २०११ मध्ये सूरज लॅम्प या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. तरीही अजून हे व्यवहार चालू आहेत, कारण मुद्रांक शुल्क वाचतं. दोन पैसे वाचवायला जातो आणि आयुष्याची कमाई टांगणीला लागते.

मग करायचं काय? ईसार देण्याआधी तीस वर्षांचा सर्च घ्या, सातबारा, फेरफार किंवा मालमत्ता पत्रक पहा, अकृषिक आदेश आणि मंजूर लेआउट पहा, बोजा आहे का ते पहा. ईसाराची रक्कम बँकेतून द्या. शेतीउत्पन्नाचे काही अपवाद सोडले तर वीस हजार किंवा त्याहून जास्त ईसार रोखीत घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि बँकेची नोंद हा तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार असतो. ईसारपावतीत खरेदीची तारीख लिहा. ती तारीख उलटून गेली आणि समोरचा टाळतोय, तर दावा करायला साधारण तीन वर्षं मिळतात. तारीखच लिहिली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून तीन वर्षं मोजतात, आणि तो दिवस कोणता यावरच मग निम्मा खटला चालतो. "पाहुणा माणूस आहे, देईल की" म्हणत चौथं वर्ष उजाडतं. पाहुणा तिथेच असतो, हक्क मात्र गेलेला असतो.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं पुणे, छत्रपती संभाजीनगर, नांदेडला फ्लॅट घेतायत. त्यांना तीन गोष्टी सांगा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद पहा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि भाव चटई क्षेत्रावर समजून घ्या. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो.

दुसरा विषय भाड्याचा. वरचा मजला भाड्याने दिलेली घरं इथे बरीच असतील. "अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही," असं प्रत्येक जण सांगतो. महाराष्ट्रात हे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि ज्याने आपल्याकडचा जुना हैदराबाद भाडे कायदा गेला, तो सांगतो की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, खोट्या ठरेपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शिवाय दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे ती वेगळी. मालकमंडळींनो, आता हा करार ऑनलाइनही नोंदवता येतो. आणि भाडेकरूंनो, तुम्ही डिपॉझिट दिलंत त्याची पावती घ्या, कराराची प्रत घ्या.

तिसरा विषय जरा नाजूक आहे, जामीनदाराचा. या सभागृहात शिक्षक आहेत, महसूल, जिल्हा परिषद, एसटी, वीज मंडळात नोकरी केलेले आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी मित्राच्या कर्जाला सही दिली असेल? हात वर करू नका, मला माहीत आहे. "नुसती सही आहे भाऊ, बाकी मी बघतो," असं तो म्हणतो आणि आपण पतसंस्थेच्या काउंटरवर उभ्या उभ्या सही करतो.

कायदा काय म्हणतो ते ऐका. करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सहकारी पतसंस्था वसुली दाखला मिळवू शकते, पगारातून कपातीचं संमतीपत्र दिलेलं असेल तर पगार कापला जातो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. कर्ज मित्राचं, मित्र गाव सोडून गेलेला, आणि कपात यांच्या पगारातून. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. त्यांनी मला विचारलं, "साहेब, मी एक रुपया घेतला नाही, मग माझा गुन्हा काय?" गुन्हा काहीच नव्हता. फक्त सही होती.

अशा माणसालाही हक्क असतात, ते मात्र त्याला कोणी सांगत नाही. जामीनदाराने पैसे भरले की कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याच्याकडे येतो, आणि तारण ठेवलेलं काही असेल तर त्यावरही त्याचा हक्क पोचतो. जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर त्या बदलानंतरच्या व्यवहारातून तो सुटू शकतो. पण हे सिद्ध कशाने करणार? जामीनकीच्या कागदाची प्रतच नसते. म्हणून सही द्यायचीच असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा : हे पैसे मला स्वतःला भरावे लागले तर माझं घर चालेल का? उत्तर "नाही" असेल तर प्रेमाने नकार द्या. मित्राला एकदा वाईट वाटेल, ते परवडतं. उत्तर "हो" असेल तर सही करा, प्रत घ्या, आणि दर सहा महिन्यांनी कर्जाचा उतारा पहात रहा.

याला लागूनच हातउसने पैसे आणि कोरे चेक. सही करून कोरा चेक दिला आणि समोरच्याने त्यावर रक्कम भरली, तर "मी रक्कम लिहिलीच नव्हती" एवढं म्हणून सुटका होत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं सांगितलं आहे की स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवरही कायद्याचं गृहीतक लागू होतं. ते खोडून काढायचं ओझं सही करणाऱ्यावर. उलट, तुम्हाला मिळालेला चेक परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. हातउसने दिलेल्या पैशाची मुदत साधारण तीन वर्षं. आणि विनापरवाना सावकाराने व्याजापायी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. हे कार्यालय आपल्या जिल्ह्यातच आहे.

बँक आणि विमा यांबद्दल थोडक्यात. कर्जाच्या अर्जावर पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात, "इथे इथे सही करा." त्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. त्यात व्याज, सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर, दंड, शुल्क हे एका ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलेलं आहे. घराचं कर्ज पूर्ण फिटलं की मूळ कागदपत्रं तीस दिवसांच्या आत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्ज फिटल्यावर पेढे वाटून लोक मोकळे होतात, कागद तसेच बँकेत पडून राहतात, बोजा उताऱ्यावर तसाच राहतो. आयुर्विम्याची पॉलिसी हातात आली की वाचा. ओळखीच्या एजंटने सांगितलं एक आणि छापलंय दुसरं, असं दिसलं तर तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. तीसाव्या दिवसानंतर हीच गोष्ट फार अवघड होते.

आता येतो तुमच्या संस्थेकडे, आणि खरं सांगायचं तर याच विषयासाठी मी आज आलो.

संस्थेचे उपविधी हा तुम्हा सर्वांचा एकमेकांशी झालेला करार आहे. देखभाल शुल्क का द्यायचं, ओपन स्पेस कोणाची, सर्वसाधारण सभेत प्रश्न कोण विचारू शकतो, याची उत्तरं त्यात आहेत. किती जणांनी ते वाचलेत? शुल्क थकवलं तर संस्था वसुली दाखला मागू शकते, हा संस्थेचा हक्क. आणि ठरलेलं शुल्क भरून इतिवृत्ताची, हिशेबाची प्रत मागणं, हा सभासदाचा हक्क. दोन्ही बाजूंनी वापरला तरच करार जिवंत राहतो.

पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी प्लॉट घेतले ते तेव्हा चाळिशीत होते. आज पासष्ट-सत्तरीत आहेत. काही आपल्यात नाहीत. पुढच्या दहा वर्षांत यातली बरीच घरं पुढच्या पिढीकडे जातील. ती सरळ जातील की भांडणातून जातील, हे आज तुमच्या कपाटात कोणते कागद आहेत यावर ठरणार आहे.

पहिला कागद भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. त्यावरची नावं पहा. पत्नीचं नाव आहे का? घर दोघांच्या कष्टाचं असतं, कागद मात्र एकाच्या नावावर असतो.

दुसरा कागद नामनिर्देशन, आपण ज्याला नॉमिनेशन म्हणतो. अर्ज ठरलेल्या नमुन्यात तीन प्रतींत द्यायचा, समितीच्या सभेत त्याची नोंद झाली पाहिजे, आणि नोंद झालेली एक प्रत तुमच्याकडे आली पाहिजे. इथे एक मोठा गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे मालक नाही. २०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, आणि खरे वारस मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कुटुंबातला लेखी समझोता यावरून ठरतात. म्हणून थोरल्याला नॉमिनी केलं म्हणजे घर थोरल्याचं झालं, असं धाकट्याने घाबरायचं कारण नाही आणि थोरल्यानेही समजायचं कारण नाही.

तिसरा कागद मृत्युपत्र. ते साध्या कागदावर चालतं, नोंदणी ऐच्छिक आहे. पण दोन साक्षीदार हवेतच, आणि ज्यांना मिळकत द्यायची त्यांना साक्षीदार करू नका. हवं तेव्हा बदलताही येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही. ते नोंदवलं की घर त्याच दिवशी गेलं. "आई-बाबा, नंतर खर्च पडतो, आत्ताच नावावर करून टाका," असा आग्रह होतो. मुलं चांगली असतात, मी वाईट बोलत नाही. पण द्यायचंच असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे वाक्य बक्षीसपत्रात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात. अट लिहिलेली नसेल तर ती होती हे दाखवणं फार जड जातं.

चौथा कागद हक्कसोडपत्र. हे मी भगिनींसाठी सांगतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मतः हक्क महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला, देशभर तो २००५ मध्ये आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. तरीही दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निबंधक कार्यालयात नेतात, "एक सही करायची आहे" म्हणून. ताई, हक्क सोडायचा की नाही हा तुझा निर्णय. खुशीने सोडलास तर त्यात वाईट काही नाही. भावाची परिस्थिती तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण काय सोडतेस, किती सोडतेस, हे वाचून सोड, आणि प्रत घेऊन जा. भावांनाही सांगतो, बहिणीला आधी चार दिवस कागद वाचायला द्या. तिने वाचून केलेली सही तुमच्याही उपयोगाची. न वाचता घेतलेली सही पुढे तुमच्याच मुलांना कोर्टात आणते.

पाचवा कागद संस्थेचा स्वतःचा. ज्या जमिनीवर आपण राहतो ती कागदोपत्री संस्थेच्या नावावर आहे ना? सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर मूळ मालकाचं नाव राहिलेलं नाही ना? ओपन स्पेस आणि रस्ते लेआउटप्रमाणे आहेत ना? बिल्डरने बांधलेल्या इमारतींच्या संस्थांत तर हा प्रश्न फार मोठा आहे. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे संस्था नोंदल्यापासून, वेगळी मुदत ठरली नसेल तर, चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. तो देत नसेल तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. तुमचे नातेवाईक अशा इमारतींत असतील तर त्यांना जरूर सांगा.

शेवटी, वाद झालाच तर जायचं कुठे? प्रत्येक वेळी मोठा दावा लागत नाही. वस्तू किंवा सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार देता येते, तुम्ही जिथे राहता तिथेच देता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. हे मी वकील असून सांगतोय! विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यांचा नंबर १५१००. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेलं कोर्ट शुल्क परत मिळतं आणि पुढे अपिलाचा फेरा राहत नाही. शेजाऱ्याशी भिंतीचा वाद असेल तर माझा सल्ला लोकअदालतीचाच, कारण निकाल लागल्यावरही तुम्हाला त्याच्याच शेजारी राहायचं असतं.

समितीला एक विनंती करतो आणि थांबतो. रौप्यमहोत्सवाचे कार्यक्रम होतील, सत्कार होतील, जेवणावळी होतील. त्यातच एक रविवार कागदांसाठी ठेवा. संस्थेच्या कार्यालयात टेबल मांडा. प्रत्येक घरातून नवरा-बायको दोघांनी यायचं, शक्य असेल तर मुलांना, मुलींनाही आणायचं. भाग दाखला, खरेदीखत, नॉमिनेशनची प्रत, कर फेडल्याच्या पावत्या, कर्ज फिटल्याचा दाखला, विम्याची पॉलिसी, एवढं तपासायचं. जे नसेल त्याची यादी करायची. ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत आणि घरी एकटी आजी आहे, त्यांच्या घरी समितीने स्वतः जायचं. त्या दिवशी मी आणि माझे दोन-तीन वकील मित्र दिवसभर इथे बसू. फी काही नाही, चहा तेवढा पाजा.

आणि घरी गेल्यावर आज रात्रीच एक काम करा. ते सगळे कागद कुठे ठेवलेत हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला दाखवून ठेवा.